फुंकरवाला कडुबा

कडुबा हिवराळे फर्दापूरकडचा गडी. तिकडं कपाशी लई, आन् कपाशी म्हणलं का फवारणी आलीच. पाठीवर पंप अडकवून फवारणारे गावात पन्नास असतील, पण कडुबासारखा एक बी नाय. पंपाचा दांडा कुणी बी हापसतं, खरी गोम नोझलात असते. नळीच्या टोकाला ते पितळी बोंड असतं ना, तेच्या बारीक भोकातून औषधाचं धुकं निघालं पाहिजे. भोकात कचरा बसला का धुकं बंद आन् गाय मुतल्यावानी धार चालू. मंग उतावळी माणसं तारेनं भोक कोरतात, भोक मोठं होतं आन् नोझल कामातून जातं.

कडुबा तसलं काय करत नव्हता. तो नोझल काढायचा, पायजम्यावर पुसायचा, उलट्या बाजूनं ओठात धरायचा, डोळे मिटायचा आन् एकच फुंकर मारायचा. फूस्स! कचरा बाहेर. ह्या नादात दोनदा तेला दवाखान्यात झोपवून सलाईन लावली. डॉक्टर म्हणला, "अरे, विषाच्या नळीला तोंड लावतो का कुणी?" कडुबा म्हणला, "डॉक्टरसाहेब, तोंड लावल्याबिगर तेचं दुखणं कळत नाय." डॉक्टरनं तेच्या बायकोकडं बघितलं. बायकोनं वर बघितलं.

ही बायको म्हणजे मुक्ताबाई. पुढं दोघं शहरात आले, पडेगावात घर केलं. मुक्ताबाई आशा वर्कर झाली, कडुबा एका इंजिनिअरिंग कॉलेजात माळी लागला. गुलाबाला पाणी घालायचं, कीड पडली का फवारायचं. कॉलेजात शिपाई, माळी, झाडूवाला समदेच मामा असतात, तसा कडुबा बी पोरांचा मामा झाला.

त्या कॉलेजात सुलेखा मॅडमची प्रयोगशाळा आहे. वर्कशॉपच्या मागं, विटांच्या भिंतींवर पत्रं टाकलेल्या शेडात. मॅडमचा अभ्यास इंधनाच्या धुक्याचा. आता डिझेल गपचिप डबड्यात पडलेलं असलं तर तसं थंड डोक्याचं असतं. पण त्याच डिझेलचं धुकं केलं आन् ठिणगी दाखवली तर असा भडका होतो का पत्रं उडावं. काहून होतो, कोणत्या थेंबाला किती जोरात होतो, पेटताना आत काय काय तयार होतं, हे मॅडम शोधतात. तेच्यासाठी पोलादाची एक जाडजूड टाकी केलेली. तिला काचेच्या खिडक्या. टाकीत नोझलानं इंधनाचं धुकं सोडायचं, ठिणगी द्यायची, धप्प! तेवढ्यात खिडकीतून लेझर मारायचा. लेझर डोळ्याला दिसत नाय, पण जिथं आदळतो तिथं टिकलीएवढी पांढरीफेक चमक होते. मशीन त्या चमकेचा उजेड रंगारंगात फोडून बघतं आन् पडद्यावर सुळके काढतं. जेचा सुळका उठला ते धुक्यात आहे. हा हायड्रोजनचा, हा कार्बनचा, असं.

एक दिवस बाहेरदेशातून आलेलं नोझल तुंबलं. प्रणय नावाचा काटकुळा पोरगा तिथं मॅडमच्या हाताखाली पीएचडी करतो. तेनं ते गरम पाण्यात टाकलं, कशाकशात बुडवलं, गदागदा हलवलं. शेवटी शेडाबाहेर येऊन कपाळाला हात लावून बसला. कडुबा तिथंच जास्वंदीला फवारत होता.

"काय झालं सर?"

"मामा, नोझल जाम झालंय. नवीन यायला तीन महिने."

"आणा इकडं."

पुसलं, उलटं धरलं, डोळे मिटले. फूस्स. प्रणयनं जाऊन लावलं तर टाकीत असं धुकं झालं जसं अजिंठ्याच्या घाटात पौष महिन्यात. मॅडम पळत बाहेर आल्या. दुसऱ्या दिवसापासून कडुबा प्रयोगशाळेत. हिरवा चष्मा, पांढरा कोट. त्या टाकीला तो रांजण म्हणायचा, मंग समदेच रांजण म्हणायला लागले. रोज रांजण धुवायचा, काचा पुसायच्या, आन् दर धमाक्याच्या आधी नोझलाला फुंकर मारायची. फुंकरीचं मात्र तो कोपऱ्यात जाऊन, पाठ फिरवून उरकायचा. मॅडमला वाटायचं, मामाकडं काहीतरी ब्रश आहे.

पाठ फिरवायचं कारण दुसरंच होतं. कारण होतं तंबाखू.

तंबाखूवरून मुक्ताबाईचं आन् तेचं वीस वरीस वाजलेलं. मुक्ताबाई म्हणायची, बुद्धाच्या पाचव्या शीलात नशा बसत नाय. कडुबा म्हणायचा, "तिथं दारूचं सांगितलंय, तंबाखूचं नाव दाखव." शेवटी एका पौर्णिमेला विहारात, समद्या बस्तीसमोर मुक्ताबाईनं तेला उभं केलं. कडुबानं हात जोडून सांगितलं, "आजपासून सोडली." आन् खरंच सोडली की! अकरा दिवस. बाराव्या दिवशी प्रयोगशाळेत टेकला तं हातानं आपोआप मळायला सुरू केलं. तंबाखू, वर नखभर चुना, टाळी, फटका, गालात. मंग तेनं नियमच करून टाकला. अकरा ते पाच, फक्त शेडात. पाच वाजता कॉलेजच्या नळावर पेस्टनं दात घासायचे, बडीशेप खायची, आन् साधू होऊन घरी जायचं.

इथवर बी भागलं असतं. पण मुक्ताबाईच्या आरोग्य केंद्राला व्यसनमुक्तीचा फ्लेक्स लावायचा होता.

"आवो, पांढरा सदरा घाला. फोटो काढायचाय."

"कशापायी?"

"फ्लेक्सला. तंबाखू सोडलेला माणूस पाहिजे. पडेगावात दुसरा हाये का कोणी?"

कडुबानं लई आढेवेढे घेतले. मुक्ताबाईला वाटलं, लाजून राह्यला. आठ दिवसात दौलताबादच्या रोडला, रिक्षा थांब्यावर दहा फुटी कडुबा उभा! हात जोडलेला, खाली लिहिलेलं, 'मी सोडली. तुम्ही कव्हा?' फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर दात एवढे पांढरे केले का कडुबाला वाटलं, बत्तिशी दुसऱ्याचीच बसवली. रोज सकाळी तेला त्या दातांखालून जावं लागायचं. रिक्षावाले हाका मारायचे, "सलाम, ब्रँड अँबेसेडर!" कडुबा मान खाली घालून चालायचा. लोक म्हणायचे, एवढं नाव झालं तरी माणूस किती साधा.

आता खरी गंमत. प्रणयच्या पडद्यावर दोन सुळके उगवले. जांभळ्या बाजूला, दोन शिंगावानी.

"मॅडम, हे कॅल्शियम आहे," प्रणय म्हणला. "इंधनात कॅल्शियम कुठून आलं?"

मॅडमनं इंधनाचा डबा बदलला. शिंगं तिथंच. रांजण शुद्ध पाण्यानं धुतला. शिंगं तिथंच. मंग मॅडमची नजर भिंतीवर गेली. भिंतीला चुन्याची सफेदी.

"मामा, ही सगळी सफेदी खरवडा. हिची धूळ आत जातेय."

कडुबानं तीन दिवस भिंती खरवडल्या. धुळीनं घसा धरला म्हून तंबाखूचा डोस डबल केला. भिंती साफ झाल्या, पडद्यावरची शिंगं दीडपट.

तेवढ्यात कडुबाच्या पुतण्याचं लगीन निघालं. चार दिवस तो फर्दापूरला गेला. ह्या चार दिवसात प्रणयनं धमाके केले, पण धुकं जाड, भडका मेंगळट, आन् शिंगं गायब! कडुबा आला, पुन्हा धुकं बारीक, धप्प जोरात, शिंगं हजर. प्रणयनं समदा हिशोब मांडून आलेख काढला. जितकं कॅल्शियम जास्त तितका भडका जोरदार. रेघ सुतासारखी सरळ. पोरगं खुर्चीवर उभं राह्यलं.

"मॅडम! कॅल्शियममुळं धुकं पेटतं! जगात कुणी लिहिलं नाही हे!"

मॅडम सावध बाई. पण रेघ एवढी सरळ होती का तेंच्या बी डोळ्यात चमक आली. पुण्याहून विश्वजीत सर म्हणून मोठे शास्त्रज्ञ प्रणयचं काम तपासणार होते. गुरुवारी येणार होते. ते हो म्हणले तर प्रबंध पुढं सरकणार, नाय म्हणले तर बसा.

सोमवारी प्रणय पानटपरीवरून चुन्याची ट्यूब घेऊन आला. हिरव्या झाकणाची. कडुबानं बघितलं आन् तेचा हात आपोआप कोटाच्या खिशावर गेला. तेच्या बी खिशात तीच होती.

"सर, हे कशाला?"

"मामा, सरांसमोर कॅल्शियम मुद्दाम घालून दाखवायचं. चुना म्हणजे कॅल्शियमच की."

"म्हंजी... तंबाखूत मळत्यात तो?"

"तोच. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही पूर्वी खायचे ना. फ्लेक्स बघितला मी तुमचा. भारी आलाय!"

कडुबाच्या गालातली गोळी तिथंच थांबली. नोझल. ओठ. फुंकर. लगनाचे चार दिवस. भिंती खरवडताना डबल डोस. एकामागं एक समदं तेच्या डोक्यात उजेडात आलं. इंधनातलं नाय, भिंतीचं नाय, ती दोन शिंगं तेच्याच तोंडातून निघाली होती. आन् धुकं बारीक होत होतं ते चुन्यानं नाय, फुंकरीनं. हे पोरगं दोन्हीचं लगीन लावून बसलेलं.

प्रणयनं इंधनात चुना कालवला. नोझल असं तुंबलं का थेंब निघंना.

"मामा, तुमची ती जादू करा!"

कडुबा कोपऱ्यात गेला. तोंड धुवावं तर प्रणय मागंच उभा. थुंकावं तर कुठं? मारली फुंकर. धप्प! शिंगं पडद्याच्या वर निघाली. प्रणयनं कडुबाला मिठीच मारली. "बघितलं मामा? सिद्ध झालं!"

कडुबा त्या मिठीत लाकडावानी उभा.

सांगावं तर फ्लेक्स. मुक्ताबाईनं घरोघर हिंडून सांगितलेलं, माह्या नवऱ्यानं सोडली. तिच्या तोंडावर कोणी बी हसलं असतं. नाय सांगावं तर पुण्याचा सर ते खोटं खरं समजून नेणार, नायतर खोटं पकडून प्रणयचा प्रबंध फेकून देणार. संध्याकाळी तो जेवायला बसला तर भाकरी मोडवेना.

"आज तोंड काहून पाडलं?" मुक्ताबाई म्हणली. "रविवारी विहारात तुमचा सत्कार हाये. तालुक्याचे साहेब येणार."

"मुक्ते, एक सांग. एखादा माणूस खोटं बोलला आन् तेच्यापायी एखाद्या पोराचं शिक्षण बुडाया लागलं तं?"

मुक्ताबाई भाकरी थापता थापता म्हणली, "तं असल्या माणसाचा फोटो चौकात लावावा."

"तेचा हायेच चौकात," कडुबा ताटात बघून पुटपुटला.

"काय म्हणले?"

"मीठ दे म्हणलं."

बुधवारी सकाळी तो मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभा राह्यला. हिरवा चष्मा हातात, कोटाची बटणं उलटीपालटी.

"जय भीम मॅडम. एक कबुली हाये. ते कॅल्शियम माह्या तोंडातलं हाये."

मॅडमनं तेच्याकडं काळजीनं बघितलं. "दात हलतोय का मामा? सुट्टी घ्या, दाखवून या."

"दात नाय मॅडम. चुना. मी तंबाखू खातो. आन् नोझलाला तोंडानं फुंकर मारतो."

मॅडम उभ्याच राह्यल्या. "तोंडानं? इंधनाच्या नोझलला?"

"धुवून पुसून मारतो."

"मामा!"

प्रणयला बोलावलं. तेला काही पटंना. तेचा चेहरा पडला, मंग तापला. "शक्यच नाही मॅडम. थोड्याशा चुन्यानं एवढा सुळका? मामा, उगाच काहीतरी. चला, करून बघू. तोंड साफ करा आन् मारा. शेवटचं एकदा."

कडुबा नळावर गेला. पेस्ट काढली, ब्रश घेतला, दात, जीभ, टाळू, समदं घासलं. हिरड्यातून रक्त येईस्तोवर. आला, फुंकर मारली, मागं सरकला. धप्प!

शिंगं पत्र्याला लागली. आजवर कव्हाच नव्हती एवढी.

"बघा!" प्रणय ओरडला. "तंबाखूचा काय संबंध नाही! साफ तोंडानं जास्त आलं!"

खरं सांगावं आन् मशीननं खोटं पाडावं, असं कोणावर येऊ नये. "सर, माह्या आईची आण, चुनाच हाये."

मॅडमनं कडुबाच्या हातातली पेस्टची ट्यूब घेतली, चष्मा वर केला आन् मागची बारीक अक्षरं वाचली. मंग ट्यूब प्रणयपुढं धरली. पहिलंच नाव कॅल्शियम कार्बोनेट.

मंग कडुबाला शुद्ध पाण्याच्या गुळण्या करायला बसवलं. एक अख्खा कॅन संपला. बाहेर पोरं जमली, काय चाललंय बघायला. पाऊण तासानं कडुबाच्या तोंडाला काही चवच राह्यली नाय. तव्हा तेनं नोझल धरलं, डोळे मिटले, फूस्स.

धप्प! असा जोरात का शेडाचं पत्रं वाजलं. आन् पडद्यावर जांभळ्या बाजूला, सपाट. एक बी शिंग नाय.

प्रणय खाली बसला. भिंतीला टेकला, तीच ती खरवडलेली भिंत. "सहा महिने, मामा," एवढंच म्हणला.

कडुबाला वाटलं, आता मॅडम गुलाबाकडं परत पाठवणार. पण मॅडम फळ्यापुढं उभ्या होत्या. "प्रणय, ऊठ. कॅल्शियम सोड. भडका बदलत होता कशानं? नोझल किती साफ आहे त्यानं. आपण इंधन मोजलं, हवा मोजली, नोझलचा कचरा कुणीच मोजला नाही. केसाएवढ्या कचऱ्यानं भडक्यात एवढा फरक पडतो, हे तुझ्याकडं सहा महिन्यांचं लिहिलेलं आहे. आणि किती थोडा चुना लेझरला दिसतो, ते बी."

प्रणयनं डोळे पुसले आन् वही उघडली.

गुरुवारी विश्वजीत सर आले. मॅडमनं काही लपवलं नाय, तंबाखूसकट समदं सांगितलं. सर आधी गंभीर होते. पेस्टच्या ट्यूबपाशी आले तव्हा तेंनी चष्मा काढला आन् पोट धरून हसले. "हे लिहा," म्हणले. "असंच्या असं लिहा. आन् ह्या माणसाचं नाव आभारात घाला." मंग कडुबाच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला. पोरांनी तो लगेच स्टेटसला टाकला, खाली लिहिलं, 'लेझरनं पकडला मामाचा चुना.'

कडुबा पडेगावात उतरायच्या आधी तो फोटो आशा वर्करांच्या ग्रुपवर पोचला होता.

मुक्ताबाई दारातच होती. हातात मोबाईल.

"सोडली व्हती का कव्हा?"

"अकरा दिवस."

"आन् फ्लेक्स लागला तव्हा?"

"तव्हा... तीन महिने झाल्ते परत धरून."

"आन् मी घरोघर सांगत फिरले!"

"मी नको म्हणलं व्हतं फोटोला."

"मला वाटलं लाजून राह्यले!"

"लाजतच व्हतो की."

मुक्ताबाईनं त्या संध्याकाळी स्वतः जाऊन फ्लेक्स काढला. रिक्षावाले मदतीला आले, तेंना हाकललं. सत्कार रद्द झाला, तालुक्याच्या साहेबांना तिनं खरं कारण सांगितलं. दोन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज. तिसऱ्या दिवशी ती म्हणली, "मॅडमला सांगितलं, हे बरं केलं. मला आधी सांगितलं असतं तं आणखी बरं झालं असतं." एवढ्यावर जेवण वाढलं.

आन् सोमवारी ती कॉलेजात. सरळ शेडात. रांजणाभोवती एक चक्कर मारली, पडद्यावरचे सुळके बघितले, कोणता कशाचा ते प्रणयकडून समजून घेतलं. मंग म्हणली, "मॅडम, नवऱ्याचं तोंड खोटं बोलतं, हे मशीन बोलत नाय. दर शनिवारी ह्यांची फुंकर तपासून मला कागद द्या."

मॅडम म्हणल्या, "ताई, इंधनाच्या नोझलला आता कुणीच तोंड लावणार नाही. मामांना रबरी फुगा दिलाय."

"मंग कोरं नोझल घ्या. डिझेल नको, ठिणगी नको, फक्त फुंकर."

मॅडमला नाय म्हणता आलं नाय. खरं सांगायचं तर प्रणयला बी ते पाहिजेच होतं, थोड्यात थोडा चुना किती दिसतो ते मोजायला.

पहिल्या शनिवारी शिंगं होती, बारकी. मुक्ताबाईनं कागदावर पट्टी ठेवून मोजली. दुसऱ्या शनिवारी करंगळीएवढी. पाचव्याला सपाट. कडुबा सांगतो, "सुटली बिटली काय नाय. रोज याद येते. पण लेझर लई हरामी." रबरी फुग्यावर मात्र तेचं अजून मन बसलं नाय. फुग्याला नोझलाचं दुखणं कळत नाय म्हणतो.

मागच्या शनिवारी शेडापुढं रिक्षा थांबली. आतून मुक्ताबाई उतरली, मागून पडेगावचे तीन बापे. एकाच्या गालात अजून फुगवटा. तो नळाकडं पळाला आन् खिशातून पेस्ट काढून ब्रशला लावायला लागला.

कडुबानं तेच्या पाठीवर हात ठेवला. "सांगून ठेवतो दाजी," म्हणला, "तेच्यानं आणखी वाढतं."